मुद्दाम ठेवलेला झोळ

४ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद आधी घे, राग नंतर काढ.

अक्षर बघून तुला वाटलं असेल, कुणा लहान मुलाने लिहून दिलंय. माझंच आहे. डाव्या हाताने लिहितेय. तू लहानपणी उजव्या हाताने लिहून बघायचीस आणि मी हसायचे, ते आठवलं. आता तू हस.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. फोन वाजून बंद होतो, पण पाकीट आलं की तुझ्याच्याने न फोडता राहवत नाही, हा तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

झालं असं की दुकानातला वाफेचा प्रेस माझ्या उजव्या हातावर बंद झाला. चूक कुणाची ते विचारू नकोस. बटणकाका सांगत सुटलेत की मी खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना स्वतःची बटणं दिसत नाहीत आता, माझं लक्ष कुठे होतं ते मात्र बरोबर दिसतं. (होय, बटणकाका अजून आहेत. तू गेलीस तेव्हा बसायचे त्याच स्टुलावर बसतात.)

बोटं शाबूत आहेत, हाडंही. पण हाताच्या पाठीवरचं कातडं गेलं, मनगटापासून बोटांच्या मुळांपर्यंत. आत पांढऱ्या दोऱ्या उघड्या पडल्यात. त्या ओढल्या की बोटं उचलली जातात. त्या वाळून गेल्या तर मूठ मिटेल, पण उघडणार नाही. आता तू मला सांग, कात्री बंद तर कुणीही करेल, पण ती उघडली नाही तर पुढचा घाव कसा घालायचा? जिने न्यायाधीशांपासून बँडवाल्यांपर्यंत सगळ्यांचे कोट कापले, तिला हे कळायला डॉक्टर लागत नाही. मला भीती वाटते. एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

परवा ऑपरेशन आहे, आपल्या टाचणीच्या इस्पितळात. 'आपल्या' लिहिलं, चालेल ना? लेक तुझी, पण निघताना दुकानात उभं राहून तूच म्हणाली होतीस, "डॉक्टर व्हायचंय ना तिला, मग ठेव तूच तिला." ठेवली. आता ती कातड्याची डॉक्टर आहे. म्हणजे मलम देणारी नव्हे. शरीराचं एका जागचं घेऊन दुसऱ्या जागी बसवणारी. वॉर्डात सगळ्यांदेखत मी "टाचणे" अशी हाक मारली तर दोन सिस्टर तोंडावर हात धरून बाहेर पळाल्या.

— ताई


९ फेब्रुवारी

धाकटे,

झालं ऑपरेशन. तुझं उत्तर नाही, पण मी वाट बघत होते असं समजू नकोस. मला सांगायचं आहे म्हणून लिहितेय.

आधी हे वाच आणि मग हस: माझा उजवा हात माझ्या पोटाला शिवलेला आहे. नीट सांगायचं तर मांडी आणि पोट जिथे मिळतात तिथे, अगदी पँटचा खिसा असतो त्या जागी. तीन आठवडे असाच राहायचा. येणारा-जाणारा बघतो तर बाई आपल्या खिशात हात घालून ऐटीत पडल्या आहेत.

मी विचारलं होतं, "मांडीचं कातडं सोलून हातावर ठिगळ लावा की. एवढा घोळ कशाला?" टाचणी म्हणाली, "मावशी, नुसत्या ठिगळाला स्वतःचं रक्त नसतं. ते खालच्या जागेकडून उसनं घ्यावं लागतं. तुझ्या उघड्या दोऱ्या काय देणार त्याला? म्हणून असं कातडं हवं की जे आपलं रक्त घेऊनच येईल." त्यासाठी तीन बाजूंनी सोडवायचं, चौथी बाजू जिथल्या तिथे जोडलेली ठेवायची. तिथून रक्त येत राहतं. तीन आठवड्यांत हात त्या कातड्याला आपलं रक्त द्यायला शिकतो, मग चौथी बाजू कापायची. याला ते फ्लॅप म्हणतात. मी म्हटलं, अगं, कोटाच्या खिशावर मी जन्मभर फ्लॅपच लावले, मला काय शिकवतेस!

तर आता आखणीची गोष्ट. याचसाठी पत्र लिहायला घेतलं.

इथले मोठे डॉक्टर म्हणजे टाचणीचे साहेब. टक्कल, मऊ आवाज, सतत काहीतरी गुणगुणत असतात. त्यांचा नियम की आपल्या माणसावर आपण सुरी चालवायची नाही. टाचणीलाही ते मान्य होतं. तिचा चेहरा असा उतरला होता की तिला सुरी द्यावी असं मलाही वाटेना. मी म्हटलं, "कापा तुम्ही, पण आखणी तिची. खडू तिच्या हातात द्या." साहेब हसले. म्हणाले, "हिच्यापेक्षा चांगली आखणी माझ्याकडे कुणाची नाही. मी तेच सांगणार होतो."

मग टाचणीने माझ्या जखमेवर अस्तराचा तुकडा ठेवून फर्मा कापला. तुकडा आपल्याच दुकानातला, राखाडी, कोटाच्या बाहीचा. बटणकाकांकडून मागवून घेतला होता. फर्मा पोटावर ठेवून माझा हात तिथे आणून बघितला, पुन्हा दूर नेला, पुन्हा आणला. गिऱ्हाईक खांदे हलवून बघतं ना, तसं. कातडं सोडवलं की आखडतं म्हणून चारी अंगांनी थोडं जास्त धरलं. इथवर मला सगळं कळत होतं आणि माझी छाती फुगत होती.

नंतर ती रेघ मारायला लागली आणि मी घाबरले. लांबलचक पट्टी, आणि जिथे जोडलेली राहायची ती बाजू किती अरुंद! आपण पट्टा लावतो तर मुळाशी रुंद ठेवतो, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "मुळाशी रुंद ठेव गं. एवढ्याशा बोळातून एवढ्या पट्टीला रक्त कसं पुरणार?"

ती म्हणाली, "मावशी, कापडाला रक्त लागत नाही. रुंदी वाढवली म्हणून रक्त वाढत नाही. शीर कुठून जाते त्यावर सगळं आहे."

तिने पेनाएवढं एक यंत्र माझ्या कातड्यावर टेकवलं. त्यातून आवाज आला, श्श... श्श... श्श. माझ्याच आतला. कुणीतरी लांबवर केर काढतंय असा. जांघेतून एक बारीक शीर निघते आणि कमरेच्या हाडाकडे तिरपी जाते. आवाज जिथे जिथे आला तिथे तिथे तिने ठिपके दिले. मग ठिपके मधोमध येतील असा फर्मा फिरवला. म्हणाली, "पट्टी या शिरेला धरून गेली तर लांब असली तरी जगते. तीच मी आडवी कापली तर शीरच तुटेल, मग दुप्पट रुंद ठेवूनही टोक उपाशी मरेल. हाडाच्या पलीकडे मात्र शिरेचा भरवसा नाही, म्हणून तिथे लोभ करायचा नाही."

माझ्याकडे गिऱ्हाईक आलं की मी उभा धागा बघितल्याशिवाय खडू लावत नाही. आडव्या धाग्यावर बाही कापली तर कितीही कापड घाल, ती लोंबते. पण माणसाच्या कातड्यालाही उभा धागा असतो आणि तो आतून बोलतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती अशी रेघ मारत होती की हात एकदाही उचलला नाही. पेन कसं धरलं होतं ते आज सांगत नाही.

साहेबांनी त्या रेघेवरून कापलं. आपल्या धंद्यात खडू मारतो तो मास्तर आणि त्या रेघेवरून कापणारा मदतनीस. तेव्हा इस्पितळाचे सगळ्यात मोठे डॉक्टर त्या दिवशी आपल्या टाचणीचे मदतनीस होते. हे मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी मान्य केलं.

— ताई


१४ फेब्रुवारी

धाकटे,

माझी तब्येत उत्तम. जेवण बेचव, सिस्टर प्रेमळ, शेजारच्या खाटेवरची बाई घोरते.

फ्लॅप गुलाबी आहे. टाचणी दर थोड्या वेळाने येते, बोट दाबते, बोट उचलते. दाबलं की पांढरं होतं आणि रंग परत येतो. रंग परत आला की तिच्या कपाळावरची आठी जाते. मी विचारलं, "सगळ्या पेशंटपाशी एवढ्यांदा येतेस?" तर म्हणाली, "हो." ही मुलगी खोटं बोलली की डाव्या कानामागे खाजवते, कुणाकडून आलं कोण जाणे.

काल बटणकाका आले होते. त्यांच्याकडून मी तुझी डावखुरी कात्री मागवली. तीच, जी तू खिळ्यावर टांगून गेलीस. गंज शोधू नकोस, दर महिन्याला तेल लावलंय. दुकानात दुसरं कुणी तिला हात लावत नाही, लावला तर माझ्याकडून बोलणी खातं. आता माझ्याकडे एकच हात, तोही डावा, म्हटलं चालवून बघू. उशीच्या अभ्र्याचा लोंबता धागा कापला. काय सुरेख चालते गं! इतकी वर्षं मला वाटायचं की तू उगाच लाडावलेली होतीस.

या इस्पितळात कात्री चालवायला शिकवत नाहीत, पट्टा बांधायला तर मुळीच नाही. माझा हात पोटाशी धरून ठेवायला कापडी पट्टा बांधलाय. तो असा ढगळ की बघवेना. कोपराशी एवढा झोळ. असा पट्टा माझ्या दुकानातून बाहेर गेला असता तर मी शटर ओढलं असतं. आज दुपारी कुणी नव्हतं. दाताने धरून ओढला, झोळ काढला, जास्तीचं टोक तुझ्या कात्रीने साफ कापलं. आता कसा बसलाय बघ! जरा घट्ट, पण छान.

— ताई


१७ फेब्रुवारी

धाकटे,

फ्लॅपचा रंग बदलला होता. जांभळा झाला होता. इथल्या सिस्टरनी नीट लक्ष दिलं नाही.

हे वाक्य खोडणार होते, पण डाव्या हाताने खोडायलाही जमत नाही. राहू दे. सिस्टरचा काही दोष नाही. तिनेच आधी पाहिलं आणि धावत गेली.

टाचणी आली तेव्हा तिने बोट दाबलं, उचललं. रंग चटकन परत आला. मी म्हटलं, "बघ, आला की!" तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, निकालाच्या दिवशीही नाही. म्हणाली, "फार लवकर येतोय मावशी, आणि निळा येतोय. रक्त आत जातंय, बाहेर पडत नाही." मग तिची नजर पट्ट्यावर गेली. मग माझ्या उशीजवळच्या कात्रीवर गेली.

तिने पट्टा सोडला. माझं कोपर हळूच पोटाकडे सरकवलं. पीळ पडलेली ती नळी, म्हणजे हात आणि पोट जोडणारा कातड्याचा देठ, सुटी झाली. आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. बराच वेळ जांभळंच. मग मधून गुलाबी झालं, मग कडेपर्यंत. एक टोक मात्र काळं पडलं, नखाएवढं. ते जाईल म्हणाली, बाकीचं राहील.

तिने मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. ती खाटेच्या कडेवर बसून म्हणाली, "मावशी, तो झोळ मी मुद्दाम ठेवला होता. तू झोपेत हललीस तरी देठावर ओढ येऊ नये म्हणून. किती ठेवायचा ते मी दोनदा मोजलं होतं."

मी म्हटलं, "मला काय माहीत! मी जन्मभर झोळच काढत आलेय."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि हसली. रडतही होती थोडी. मग कात्री उचलून बघितली आणि विचारलं, "ही आईची ना?" मी हो म्हटलं. तिने ती आपल्या कोटाच्या खिशात टाकली. जप्त केली म्हणाली. जप्त केलेली वस्तू इतका वेळ हातात धरून कुणी बसत नाही, एवढं मी बघितलं.

— ताई


२८ फेब्रुवारी

धाकटे,

हात सुटला! माझा हात माझ्याकडे परत आला. नखाएवढं टोक गळून पडलं, बाकी सगळं जिवंत आहे. हाताच्या पाठीवर गुबगुबीत उशी शिवल्यासारखं दिसतं, पण जिवंत आहे.

कापायच्या आधी कसं बघतात ते सांगते. देठाभोवती रबर आवळतात. म्हणजे पोटाकडून येणारं रक्त बंद. आता हात एकटा त्या कातड्याला पोसू शकतो का, ते बघायचं. टाचणीने रबर आवळलं आणि मी डोळे मिटले. शेजारची घोरणारी बाईसुद्धा उठून बसली होती. मी विचारलं, "जांभळं?" टाचणी म्हणाली, "मावशी, डोळे उघड." उघडले. गुलाबी! पेरूच्या गरासारखं. माझा जीव भांड्यात पडला. घोरणारी बाई टाळ्या वाजवायला लागली.

पण ज्यासाठी लिहितेय ते हे नाही.

आज सकाळी साहेब शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन माझ्या खाटेशी आले. माझा हात उचलून त्यांना दाखवला. म्हणाले, "आखणी बघा. अरुंद देठ, लांब पट्टी, आणि पेशंटने स्वतः पीळ पाडूनसुद्धा नखाएवढंच गेलं. शीर बरोबर मधोमध होती म्हणून." मग टाचणीकडे वळून विचारलं, "ही नजर पुस्तकातून येत नाही. कुठे शिकलीस?"

मी उशीवर ताठ बसले. केसही सारखे केले. सगळ्या वॉर्डासमोर आता "मावशीच्या दुकानात" असं ऐकायचं म्हणून तयार झाले होते. इतकी वर्षं पोरीला जेवू घातलं, डबे पोचवले, परीक्षेच्या काळात शिलाई मशीन बंद ठेवली.

ती म्हणाली, "आईकडून. आई कापडाचा एक धागा ओढायची आणि मला दाखवायची, सगळं कापड त्या धाग्यावर कसं गोळा होतं ते. म्हणायची, आधी याला विचार तू कुठे चाललास, मग खडू उचल."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. दुपारचं जेवले नाही. मग पडल्या पडल्या आठवत राहिले. धागा तू ओढायचीस, हे खरं आहे. मी कधी ओढला नाही, मी नजरेने बघायचे आणि कुणाला सांगत बसायचे नाही. तू खाली जमिनीवर बसायचीस आणि ती पोर तुझ्या गुडघ्याला टेकून. ते मी रोज बघत होते.

आणि आता पेनाचं सांगते. टाचणी सगळं उजव्या हाताने करते. लिहिते, टाके घालते, इंजेक्शन देते. पण माझ्या पोटावर ती रेघ मारताना तिने पेन डाव्या हातात घेतलं. कोपर वर, मनगट आत वळवलेलं, जीभ ओठांच्या कोपऱ्यात. मी वर बघितलं आणि मला क्षणभर वाटलं, तूच वाकलीयेस माझ्यावर. मी तिला नंतर विचारलं तर म्हणाली, "डाव्या हाताने? मी? छे!" आणि कानामागे खाजवलं.

धाकटे, पोर मी वाढवली, त्याचा मला गर्व आहे आणि तो मी सोडणार नाही. पण ज्या रेघेने माझा हात वाचला ती रेघ तुझी आहे. मला तुझाही गर्व वाटतो. हे तुझ्या तोंडावर मला म्हणता आलं नसतं, म्हणून बरं झालं तू फोन उचलत नाहीस.

— ताई


१९ जून

धाकटे,

अक्षर ओळखलंस? वाकडं आहे, पण उजवं आहे.

बोटं रोज गरम पाण्यात चालवते. आधी मूठ मिटेना, मग उघडेना, मग दोन्ही व्हायला लागलं. हाताच्या पाठीवर पोटाचं कातडं आहे, त्यामुळे मी जाड झाले की हातही जाड होतो. टाचणी म्हणते गोड कमी खा, हाताला चढेल. जगात असा उपदेश दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल.

काल दुकानात उभी राहिले. टेबलावर राखाडी अस्तर पसरलं. एक धागा ओढला. हो, ओढला. बटणकाका बघत होते, मी म्हटलं, बटणं शिवा. मग कात्रीत बोटं घातली आणि उघडली. उघडली, धाकटे! मिटली, पुन्हा उघडली, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघ जरा डगमगली आहे. गिऱ्हाइकाला देण्यासारखी नाही. पण मी तो तुकडा घडी करून ठेवलाय.

टाचणी आता दुसऱ्यांच्या पेशंटवरही आखणी करते, साहेबच बोलावतात. तिने तुझं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. पण तिच्या पांढऱ्या कोटाचा खिसा एका बाजूला खाली ओढला गेलाय. जड वस्तू रोज ठेवली की असं होतं. मी कोट दुरुस्त करायला मागितला तर देत नाही.

तुझं पत्र आलं नाही. मी ते खेचून आणणार नाही. एवढी वर्षं मी तुझ्या-माझ्यातला झोळ काढायला बघत होते आणि तो ओढला की तू आणखी लांब जायचीस. आता कळलं, राहू दे होता तेवढा सैल.

फक्त एक. तुझी कात्री मी पोस्टाने पाठवणार नाही. माझ्याकडे ती नाहीच. ज्या खिशात आहे तिथून तुला स्वतः घ्यावी लागेल.

— ताई